बऱ्या न झालेल्यांची साक्ष

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी विचारलंसुद्धा, "बाई, बऱ्या आहात ना?" बरी आहे. लिहायला बसलं की मध्ये तीनदा उठावं लागतं आणि परत येईपर्यंत सुचलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलेलं असतं, एवढंच. आज हे दुपारचे जरा गाढ झोपलेत, मावशींचं भांड्यांचं काम चाललंय, तेवढ्यात गेले काही आठवडे मनात घोळत असलेला विषय लिहून टाकते.

विषय आहे साक्षीचा. माझ्या वाचकांत ख्रिस्ती नसलेले बरेच आहेत, म्हणून आधी थोडं सांगते. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत किंवा घरोघरच्या प्रार्थनासभेत कुणीतरी उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. त्याला साक्ष देणं म्हणतात. शब्द कोर्टातलाच आहे आणि अर्थही तोच. जे पाहिलं, जे अनुभवलं तेच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. आणि माझ्या मते, त्यातलं काही गाळायचंही नाही.

लहानपणापासून मी शेकडो साक्षी ऐकल्या. आयुष्यभर मराठी शिकवलं, निबंधांचे गठ्ठे तपासले, त्यामुळे असेल, पण मला साचा चटकन दिसतो. संकट आलं, डॉक्टरांनी हात टेकले, आम्ही प्रार्थना केली आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल आला. पाचवीतली मुलं सहलीचा निबंध जशी ‘आम्ही आनंदाने घरी परतलो’ असं लिहून संपवतात, तशी आमची साक्ष सुटकेनेच संपते. देवाने सोडवलं असेल तर ते सांगायलाच हवं, त्यात काही वावगं नाही. पण ज्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला नाही त्यांनी उभं राहून काय सांगायचं?

आमच्या मंडळीत (हा आमचा चर्चच्या लोकांसाठीचा शब्द) त्यांना कुणी उभंच करत नाही. आणि गेली सहा वर्षं मी त्यांच्यातली एक आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरात यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. ज्या माणसाने कित्येक वर्षं मुलांची शब्बाथ शाळा घेतली, ज्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, त्यांच्याकडे फक्त एक ‘हां’ उरला. भूक लागली तरी हां, पोट भरलं तरी हां. दुखतंय की काय ते डोळ्यांवरून ओळखायचं. सुरुवातीला व्यायाम करून घ्यायला एक मुलगा यायचा, थोडा फरकही पडत होता. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि ते थांबलं. पुन्हा सुरू होईपर्यंत हात आखडून गेला होता.

त्या दिवसांत प्रार्थनेला फोन यायचे, पुढे माणसंही येऊ लागली. सगळ्यांचा हेतू चांगला होता. त्यातच एकदा बाहेरगावचे एक उपदेशक आले. त्यांचं नावगाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि म्हणाले, उठून चाला. हे उठले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, हां. निघताना ते गृहस्थ दारात थांबले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "ताई, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय. तपासून पाहा."

आणि मी खरोखर तपासून पाहिलं हो! रात्रभर. विद्यार्थ्याची वही तपासावी तसं सगळं आयुष्य तपासलं. कुणाला काय टाकून बोलले, कोणत्या महिन्याचा दशांश द्यायचा राहिला, सासूबाईंच्या आजारपणात कधी कपाळाला आठी घातली होती. पहाटे यांचे कपडे बदलायला उठले तेव्हा लक्षात आलं, की आधीच डोक्यावर दोन हंडे असलेल्या बाईच्या डोक्यावर तिसरा चढवून ते गृहस्थ रिक्षात बसून निघून गेले होते.

असो. आता गाण्याचं सांगते, कारण या लेखाचं मूळ तिथेच आहे.

एकदा संध्याकाळी घरी प्रार्थनासभा होती. ‘उपासना संगीत’ काढून आम्ही यांच्या आवडीचं जुनं गीत सुरू केलं. दुसऱ्या ओळीला कॉटवरून आवाज आला. हे गात होते! ‘हां’ नव्हे, शब्द. स्पष्ट, सुरात, दोन कडवी पूर्ण. खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. कुणीतरी म्हणालं, "चमत्कार झाला, बाई!"

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत मुख्यतः डावी बाजू करते. पण गाण्यात उजवी बाजूही बरीच कामाला लागते आणि वर्षानुवर्षं पाठ असलेलं गीत वेगळ्या वाटेने बाहेर येऊ शकतं. वाचा गेलेल्या अनेक रुग्णांत हे दिसतं. १९७० च्या दशकात यावरूनच रुग्णांना चालीत बोलायला शिकवण्याची उपचारपद्धतीही निघाली. म्हणजे गाणं आलं याचा अर्थ वाचा आली असा नाही. ते मला आदल्या रात्रीच कळलं होतं. गाणं संपलं, सगळे चहा घेऊन गेले आणि यांना पाणी हवं होतं. मी विचारलं, पाणी? हां. पांघरूण? हां. लाइट घालवू? हां. शेवटी त्यांनी डाव्या हाताने तांब्या ढकलला तेव्हा कळलं.

गाण्याला मी देवाची देणगीच म्हणते. डॉक्टरांनी कारण सांगितलं म्हणून ती कमी होत नाही. पण तांब्या ढकललेला गाळून फक्त गाणं सांगायचं, ही खोटी साक्ष होईल की नाही, तुम्हीच सांगा.

गेल्या महिन्यात नेमकं तेच पुढे उभं राहिलं. उपकारस्तुतीच्या रविवारसाठी कमिटीतल्या एकांचा फोन आला. "बाई, सरांच्या गाण्याची साक्ष द्या. पाच मिनिटं. लोकांना बळ मिळेल." मी बरं म्हटलं. मग ते जरा अडखळत म्हणाले, "बाकीचं फार नको... म्हणजे, पॉझिटिव्ह ठेवा."

आठ दिवस होते. वर्गात जायच्या आधी धडा वाचावा तसं मी पवित्र शास्त्र घेऊन बसले. त्या उपासनेचा विषय ठरला होता विश्वास, आशा आणि प्रीती. करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय. आमच्याकडे हा अध्याय हमखास लग्नात वाचतात. नवरा-नवरी सजून उभी असतात, फुलांचा वास असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की हे सगळं गोड गोड आहे. पण पौलाने हे पत्र लिहिलं तेव्हा, म्हणजे साधारण इसवी सन ५५ च्या सुमाराला, करिंथमध्ये भांडणं चालली होती. गट पडले होते. एकमेकांना कोर्टात खेचणं चाललं होतं. प्रभुभोजनाच्या वेळी पैसेवाले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. ज्यांना देवाची खास दानं मिळाली होती ते इतरांकडे तुच्छतेने पाहत. त्या लोकांना तो सांगतो आहे की तुमचं ज्ञान, तुमची भाकितं, तुमच्या अद्भुत भाषा सगळं एक दिवस संपेल. राहतील त्या तीनच गोष्टी. डोंगर हलवणारा विश्वास असला आणि प्रीती नसली, तर त्याच्या लेखी माणूस शून्य. दारातून ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणून जाणाऱ्याने तो अध्याय पुन्हा एकदा वाचायला हवा.

मग मी शास्त्रात बरे न झालेले शोधायला लागले. आणि सापडत गेले की! खुद्द पौलाच्या शरीरात काहीतरी काट्यासारखं सलत होतं. त्याने तीनदा विनवलं, ते गेलं नाही. त्याचा लाडका तीमथ्य पोटाच्या दुखण्याने वरचेवर आजारी, त्याला पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. चक्क घरगुती औषध! त्रफिम नावाच्या सोबत्याला त्याला मिलेत गावी आजारीच सोडून पुढे जावं लागलं. हे सगळं त्याने पत्रांत लिहून ठेवलं, लपवलं नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी उजाडतच नाही त्यात, तरी ते शास्त्रात ठेवलं गेलं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विश्वासवीरांची मोठी यादी आहे आणि तिच्या शेवटी म्हटलं आहे की यांना कबूल केलेलं मिळालं नाही. आपल्या कमिटीने ही पत्रं तपासली असती तर पौलालाही ‘पॉझिटिव्ह ठेवा’ म्हणून निरोप गेला असता. :)

मराठी ख्रिस्ती माणसाने तर फार लांब जायलाच नको. पंडिता रमाबाई आठवा. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पती गेले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. पण त्यांना कमी ऐकू येत होतं, त्यामुळे ते शिक्षण राहून गेलं. बहिरेपण पुढे वाढत गेलं. केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका सांभाळल्या. तिथे झालेल्या जागृतीची कीर्ती परदेशापर्यंत गेली. पण रमाबाईंचे कान काही बरे झाले नाहीत. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे? आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, जिने पुढे मुक्ती चालवावं असं त्यांच्या मनात होतं, ती गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. ते बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. मला कुणी आशा म्हणजे काय विचारलं तर मी हे उदाहरण देते. मुलगी गेल्यावरही पुढच्या पानाचं काम करत राहणं, आणि ते पुस्तक आपल्या हातात येईलच असा हट्ट न धरणं.

आणि लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंची काय अवस्था झाली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. पाच वर्षं नवराबायको दुरावलेली होती. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण १९३४ पासून ते पुस्तक प्रसिद्ध होऊ लागलं तेव्हा त्यांनी त्या दिवसांवर पांघरूण घातलं नाही. आपला राग, आपलं रडणं, टिळकांचं विक्षिप्तपण, सगळं हसतखेळत लिहून टाकलं. म्हणूनच ख्रिस्ती नसलेली मराठी माणसंसुद्धा ते पुस्तक इतक्या आवडीने वाचतात. साक्ष अशी असावी. साचा नसलेली.

आता आपल्या पनवेलचंच एक सांगते. नेऱ्याच्या बाजूला वांगणी गावात सील आश्रम आहे. पास्टर के. एम. फिलिप यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला. मुंबई परिसरात रस्त्यावर, स्टेशनवर पडलेली, जखमा चिघळलेली, आपलं नाव-गाव विसरलेली माणसं इथे आणतात, धुतात, औषधपाणी करतात आणि जमलं तर घर शोधून पोचवतात. जातधर्म न विचारता. २०२१ मध्ये इथून केरळचे एक वयस्कर गृहस्थ तब्बल ४५ वर्षांनी आपल्या आईकडे परतल्याची बातमी पुष्कळ वर्तमानपत्रांत आली होती. आईने नव्वदी ओलांडली होती. वाचून मलाही भरून आलं होतं.

पण बातमी होते ती घरी गेलेल्यांची. ज्यांचं घर सापडलंच नाही, ज्यांना आपलं गाव शेवटपर्यंत आठवलं नाही, त्यांनाही रोज आंघोळ घालावी लागते, भरवावं लागतं, कपडे बदलावे लागतात. त्याची बातमी होत नाही, कारण तिथे गोष्ट पुढे सरकत नाही. काल जे केलं तेच आज, तेच उद्या. मला वाटतं त्या आश्रमाची खरी साक्ष त्या न सरकणाऱ्या दिवसांत आहे. बातमीतला दिवस हा त्यातलाच एक.

हे सगळं वाचून-आठवून झाल्यावर त्या तीन शब्दांचा मी माझ्यापुरता अर्थ लावला. धर्मशास्त्र शिकलेली नाही मी, मराठीची बीए आहे. चुकत असेन तर आमच्यातल्या जाणकारांनी कान धरावा.

विश्वासाबद्दल मार्काच्या दुसऱ्या अध्यायात एक गोष्ट आहे. कफर्णहूम गावात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो असं तिथे म्हटलं आहे. बाजेवरचा माणूस त्या वेळी काय मानत होता ते लिहिलेलं नाही. घरात पक्षाघाताचा माणूस असल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही असं मला आता वाटतं. कधी कधी दुखणाईत माणसाच्या अंगात विश्वास ठेवण्याचंही बळ नसतं. तेव्हा त्याच्या बाजेचे चार कोपरे दुसऱ्यांनी धरायचे असतात. ‘तुझा विश्वास तपास’ म्हणणारा पाचवा माणूस त्या गोष्टीत नाही.

आशेबद्दल माझी इतकी वर्षं गल्लत झाली होती. हे बरे होतील, पुन्हा मुलांसमोर उभे राहून गोष्ट सांगतील, याला मी आशा समजत होते. पाचव्या वर्षी ती संपली. खोटं कशाला बोलू? आणि ती संपल्यावर आपलं सगळंच संपलं असं काही दिवस वाटलं. पण सकाळी उठून दाढीचं पाणी तापवणं काही थांबलं नाही. हळूहळू कळलं, की ती नुसती अपेक्षा होती. अपेक्षा तारखेवर जगते. आशेला तारीख नसते. हा माणूस देवाने टाकून दिलेला नाही, या खोलीत रोज जे चाललंय ते वाया जात नाही, एवढंच मला आता धरून ठेवता येतं. काही दिवशी तेही सुटतं. मग दुसरं कुणीतरी धरतं.

आणि प्रीती. आमच्या बायबलात ‘प्रेम’ नाही, ‘प्रीती’ शब्द आहे. पूर्वी वर्गात मी सांगायचे की हा जरा काव्यातला शब्द आहे. आता मला तो अगदी घरकामाचा शब्द वाटतो. आमच्या खालच्या मजल्यावर एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सातारकडचे, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारीला जाणारे. दर बुधवारी आणि शनिवारी ते वर येतात, यांची दाढी करतात, नखं काढतात आणि मला म्हणतात, "बाई, तुम्ही जावा जरा तळ्यावर. मी हाय हितं." मी वडाळे तलावावर दोन फेऱ्या मारते, कुणाशी तरी दोन शब्द बोलते, येताना कोथिंबीर घेते. ते दोन तास नसते तर मी केव्हाच कोसळले असते. त्यांनी मला कधी उपदेश केला नाही. एकदा मीच विचारलं, "भाऊ, तुम्हाला कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "येतो की. पन दाढी वाढतीच ना!"

त्या तेराव्या अध्यायावर मी ऐकलेलं हे सर्वांत छोटं नि सर्वांत चांगलं प्रवचन.

तर असं सगळं मनात घेऊन त्या रविवारी मी उभी राहिले. गाण्याचं सांगितलं. मग तांब्याचं सांगितलं. आखडलेल्या हाताचं, रात्री तीनदा कूस बदलण्याचं, कधी कधी मी यांच्यावर ओरडते आणि मग मोरीत जाऊन रडते, त्याचंही सांगितलं. म्हणाले, "हे बरे झालेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, होणार नाहीत. आणि देव आमच्या घरी आहे. या दोन्ही गोष्टी मी शपथेवर सांगते." पाच मिनिटांच्या जागी आठ झाली. खाली बसले तेव्हा कुणी ‘आमेन’ म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी जरा थांबून पुढचं गीत सांगितलं.

बाहेर चप्पल घालताना कमिटीतले ते गृहस्थ नुसतं हसून पुढे गेले. मला वाटलं, चुकलंच बहुतेक. एवढ्यात मागच्या बाकावर बसणारी एक बाई जवळ आली. तिच्या मुलाला फिट्स येतात, नऊ वर्षं झाली. ती म्हणाली, "बाई, मला वाटायचं फक्त आमचीच प्रार्थना वर जात नाही. म्हणून मी कुणाला सांगणंच सोडलं होतं." आम्ही दोघी आवारातल्या झाडाखाली बराच वेळ उभ्या होतो. नऊ वर्षं ती दर रविवारी माझ्या मागे चार बाकं बसत होती आणि मला माहीत नव्हतं. याला मंडळी म्हणायचं?

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट लिहिते. एक, महिन्यातून एका रविवारी तरी ज्यांचं दुखणं, कर्ज, भांडण अजून मिटलेलं नाही अशा माणसाला साक्षीला उभं करावं, आणि त्याला शेवट गोड करायला सांगू नये. दोन, ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य आजाऱ्याच्या घरात उच्चारायचं नाही असं प्रत्येक मंडळीने ठरवून टाकावं. तीन, प्रार्थनेला दहा जणांनी दहा मिनिटं येण्यापेक्षा एकाने दोन तास यावं. आजाऱ्याजवळ बसावं, सेवा करणाऱ्याला बाहेर पाठवावं. प्रार्थना बसल्या बसल्या होतेच.

यावर एक आक्षेप येईल, माझ्या धाकट्या भावाने फोनवर घेतलाच. "ताई, लोक आधीच दुःखी असतात. चर्चमध्ये तरी धीर मिळू दे. आणि येशूने लोकांना बरं केलंच ना?" केलं. मी नाकारत नाही. बरं झालेल्याने नाचत यावं, आम्ही टाळ्या वाजवू. पण धीर म्हणजे काय? दुसऱ्याचा नॉर्मल आलेला रिपोर्ट ऐकून मला त्या सहा वर्षांत धीर आला नाही, खरं सांगायचं तर थोडा हेवाच वाटला. त्रफिम मिलेतला आजारी राहिला हे वाचून मात्र मला सोबत मिळाली. भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात मी येतो दोन दिवस. तू ये नातवंडांकडे जाऊन." आला तर बरं, नाही आला तर हा लेख त्याला दाखवणार आहे. :)

हे उठले वाटतं. तांब्या ढकलल्याचा आवाज आला. आता मला तो ओळखू येतो.

तुमच्याकडे कुणी असं न मिटलेलं दुखणं घेऊन बसलं असेल तर या आठवड्यात एकदा जाऊन या. उपदेश नको. दाढीचं सामान न्या.